धुतलेलं लुगडं

एका जागी बसवत नाही. ओट्यावर बसलो की वाटतं विहिरीवर जाऊन यावं, विहिरीवर गेलो की वाटतं घरून कोणी हाक मारत असेल. कोणी मारत नाही. मंडळी, म्हणजे आमची बायको, गेल्यापासून हे असंच चाललंय. गुडघे धरतात, बीपीची गोळी चालू आहे, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलाय. डॉक्टर म्हणतो, बाबा, आराम करा. आराम करायला माणूस आतून बसलेला लागतो. मी आतून उभाच आहे.

त्यातून हे लिहायचं खूळ घेतलंय. शिक्षण चौथी. अक्षर बैल मुतत गेल्यासारखं. गावात कळलं तेव्हा पारावर एकानं विचारलं, "आत्मचरित्र लिहिताय म्हणं? कुठल्या निवडणुकीला उभं ऱ्हाणार?" मी म्हणालो, "तुझ्या घरच्या." पण खरं सांगायचं तर आत्मचरित्र वगैरे काही नाही. मला फक्त माझी बायको कशी होती ते कागदावर उतरवायचं होतं, तिच्या वर्षश्राद्धाच्या आत. ते का, ते सांगतो.

आमचं गाव राजुरीच्या पलीकडं. आमच्याकडं दहाव्याला घाटावर प्रवचन असतं आणि प्रवचन झालं की माईकवर पुढाऱ्यांची भाषणं. सगळ्या पक्षांचे येतात. मंडळीच्या दहाव्यालाही आले. ज्यानं तिला जन्मात बघितलं नव्हतं तो म्हणाला, "मातोश्री अत्यंत मनमिळाऊ, शांत आणि धार्मिक स्वभावाच्या होत्या." मी सतरंजीवर बसून ऐकत होतो. शांत? ही बाई बांधावर उभी राहून बोलायला लागली की तीन वावरं पलीकडं पाणी धरणारा माणूस खोरं टेकवून ऐकत राहायचा. मनमिळाऊ? सख्ख्या जावेशी कोथिंबिरीच्या वाफ्यावरून बोलणं टाकलं ते कैक वर्षं टाकलं. देवळात जायची हे खरं, पण तिथंही देवाला जाब विचारायला. पुढचा उठला, तोही मनमिळाऊ. त्याच्या पुढचाही मनमिळाऊ. मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाच्या बाईचा दहावा घालतायत. तिथंच ठरवलं, वर्षश्राद्धाला माईक आपण धरायचा.

भाषणांच्या आधी आणखी एक झालं होतं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, आण्णाला नीट संभाळतो." कावळा झाडावरच. डिंगोऱ्याला दिलेली लेक म्हणाली, "आई, भावाशी भांडणार न्हाई." कावळ्यानं मान फिरवली. त्याला ते पटलं नसावं, मलाही पटलं नव्हतं. ऊन चढलं. मागून कोणीतरी बोललं, "म्हातारीचा जीव म्हशीत अडकलाय राव." मी वैतागलो होतो. ओरडलो, "बरं बाई, म्हैस इकत न्हाई! मी जित्ता हाय तवर न्हाई इकत!" कावळा उतरला आणि भाताला चोच लावली. लोक हसले. कावळ्याला भूक लागली असेल असं मला अजूनही वाटतं. पण शब्द तर चार गावांदेखत गेला.

पोराच्या गोठ्यात जर्सी गाया आहेत, मशीननं धारा निघतात. बिबट्यामुळं चारी बाजूंनी जाळी मारलेली. त्यात कोपऱ्याला ही एकटी म्हैस, मंडळीची. तिला मशीनचा आवाज चालत नाही आणि दुसऱ्याचा हात चालत नाही. मंडळी खाली बसली, कासेवर पाणी मारलं, की म्हैस पान्हा सोडायची. धार काढता काढता मंडळीची बडबड चालू असायची. मी ओसरीवर पांघरूण कानांवर ओढून पडलेला असायचो.

ती गेल्यावर म्हशीनं सगळ्यांना लाथाडलं. पोराला, सुनेला, मला. मग शेजारची म्हातारी म्हणाली, "तिचं लुगडं घ्या की अंगावर. वासाला भुलंल." मंडळीचं गोठ्यात नेसायचं हिरवं लुगडं दाराआड खुंटीवर होतं. त्याला शेणाचा, पेंडीचा, दुधाचा, मशेरीचा आणि तिचा असा सगळा मिळून एक वास होता. मी ते डोक्यावरून घेतलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि बसलो. म्हशीनं मान वळवून हुंगलं, लांब श्वास सोडला आणि पान्हा दिला.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा मी लुगडं पांघरून धार काढायचो. दुधाच्या टेम्पोवाला जाळीतून ओरडायचा, "काय आजीबाई, आज फॅट किती लागंल?"

"तुझ्या आज्ज्याला इचार," मी म्हणायचो.

त्याला काय माहीत, पदराच्या आत तोंड घातलं की मला कोणी बघत नव्हतं.

दुपारी लिहायचो. म्हणजे लिहायचो, फाडायचो, उठून विहिरीवर जायचो, परत यायचो. शेवटी एक पान जमलं असं वाटलं, ते घेऊन एसटीनं जुन्नरला गेलो. तिथं माझा एक जुना दोस्त आहे, मुसलमान, शिंपी. आता दुकान पोरं बघतात, तो बाहेर खुर्ची टाकून बसतो. मंडळीची सगळी चोळ्या-पोलकी त्यानंच शिवली. त्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "माझी पत्नी अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होती. तिने सर्वांना आपलेसे केले."

मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला.

"पावणं, ही कोण?"

"कोण म्हंजे? तुझी वहिनी."

"ही न्हाई माझी वहिनी. वहिनीनं एका पोलक्याची बाही माझ्याकडून तीनदा उसवून घेतली. वर मलाच म्हणती, भाऊ, तुमची टेप पाण्यात पडली व्हती का? ही तर फ्लेक्सवरची बाई हाय."

"मग तूच लिही की लई कळतंय तर."

"मला कुठं येतंय? मी आपला माप सांगतो. माप चुकलंय तुझं."

त्याच्याकडचा चहाही नीट घेतला नाही. एसटीत राग राग झाला, पण त्याच्यावर नव्हे. पुढाऱ्याला नावं ठेवली आणि मीही तेच लिहिलं. घरात, वावरात माझी जीभ कशीही चालते. कागद समोर आला की ती आंघोळ करून, टोपी घालून बसते.

मग डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी सकाळची धार काढली आणि पोराबरोबर नारायणगावला गेलो. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं बजावलं, वाकायचं नाही, डोळ्याला घाण हात नाही, गोठ्यात तर जायचंच नाही. सून सोबत होती, ती प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. दुपारी तिला आधी धाडून दिलं, आम्ही मागून निघालो. संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी आलो तर खुंटी रिकामी. अंगणात तारेवर हिरवं लुगडं फडफडत होतं.

सून चहा घेऊन आली. "मामा, शेणानं भरल्यालं लुगडं तुमी रोज तोंडावर घेताय. डोळ्यात काय गेलं म्हंजे? कडक पाण्यात पावडर टाकून धुतलंय. आता खुशाल घ्या, न्हाईतर मीच घेऊन धार काढते."

चांगली पोरगी आहे. माझ्या डोळ्यासाठीच केलं तिनं. म्हणून नुसता चहा घेतला. बोललो असतो तर वाईटच बोललो असतो. ती आत गेल्यावर मी लुगडं तारेवरून काढलं. पदर हुंगला, काठ हुंगले, कमरेला खोचायची जागा हुंगली. सगळीकडं जाहिरातीतली फुलं. तिच्या दहाव्याला मी रडलो नव्हतो. त्या दिवशी ओलं लुगडं हातात घेऊन अंगणात उभा राहिलो आणि पोरगा म्हणाला, "आण्णा, डोळ्याचं पाणी पुसू नका, नुसतं टिपा," तेव्हा कळलं.

म्हशीनं ते लुगडं हुंगलं आणि सुनेच्या हातातली बादली उडवली. रात्र तशीच गेली. शनिवारी सकाळीही तेच. जनावरांचा डॉक्टर येऊन सुई मारून गेला, तेव्हा थोडं दूध उतरलं. तो म्हणाला, रोज काय सुईवर धार काढायची नसते. संध्याकाळी कास पुन्हा ताठ झाली, हात लावला की म्हैस थरथरायची.

पोरगा ओट्यावर माझ्याशेजारी बसला. "आण्णा, दूध साठून दगडी झाली तर कासच जाईल तिची. मग कोण बघायचं तिच्याकडं? परवा सोमवार हाय. बेल्ह्याच्या बाजारात नेतो."

"चार गावांदेखत शब्द दिलाय मी."

"कावळ्याला दिलाय."

"तुझ्या आईला दिलाय."

"आई गेली, आण्णा."

हळू बोलला तो. भांडला असता तर मला बरं पडलं असतं. मी उठून विहिरीवर गेलो, परत आलो, वही उघडली, मिटली. पान कोरं आणि म्हैस आखडलेली. दोन्हीकडं मला काही सुटत नव्हतं.

रविवारी उजाडल्यावर कोणाला न विचारता गोठ्यात गेलो. वाकायचं नाही म्हणून प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं. डोळ्याला काळा चष्मा, अंगावर फुलांच्या वासाचं लुगडं. म्हशीनं वास घेतला आणि पाय उचलला. सडाला हात लावला तशी शेपटी फाडकन चष्म्यावर बसली. माझं डोकं फिरलं. तोंडाला आलं ते बोलत सुटलो. आधी म्हशीला बोललो, मग कावळ्याला, मग डॉक्टरला. आणि बोलता बोलता कुठं वळलो ते मलाच कळलं नाही. मी मंडळीच्या आवाजात बोलत होतो. तोच हेल, तीच मधे मधे जीभ टाळ्याला लावायची सवय.

"बघितलंस का गं बया, ह्यांना चहा आयता पायजे, आन वर म्हणायचं पाणचट झालाय. काल इचारलं, इळा कुठं ठिवला? म्हणं मला काय म्हाईत. सोताच्या कमरंला व्हता! माझा लोणीगावचा भाऊ आला तर म्हणं लई बोलतोय. तुमी काय मुकं हायसा व्हय? आन पांघरून कानावर घेत्यात बघ, जसं काय मला दिसत न्हाई..."

रोज सकाळी ती हेच सांगायची. सांगायची म्हशीला, पण ओसरीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. मी समजायचो, कान झाकलेत. झाकलेल्या कानांत सगळं जाऊन बसलेलं होतं.

म्हशीचे कान थांबले. उचललेला पाय खाली आला. हाताखाली कास मऊ पडत गेली. मी बोलणं तोडलं नाही, भीतीच वाटत होती. पहिली धार बादलीच्या तळाला वाजली. पुरतं दूध काही दिलं नाही तिनं, नेहमीच्या निम्म्याला थोडं वर. पण सड मोकळे झाले.

मागं बघितलं तर सून जाळीला धरून उभी. तोंडावर पदर, हसत होती का काय ते चष्म्यातून दिसेना.

"अगं बाई, मामा. मला वाटलं आत्याच."

पोरानं बादली बघितली, कासेला हात लावून बघितला. "तरी डोळ्याला काय झालं असतं म्हंजे?" एवढंच पुटपुटला आणि गायांना मशीन लावायला गेला. सोमवार आला तसा गेला. म्हैस न्यायला टेम्पो सांगितला नाही.

त्या रविवारी दुपारीच मी एका डोळ्यानं लिहिलं. गोठ्यात जे बोललो तेच, चहा, विळा, लोणीचा मेव्हणा, सगळं. वाकडं अक्षर आणखी वाकडं झालं, पण हात थांबला नाही. संध्याकाळी पोराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आण्णा, हे माईकवर वाचणार? पावण्यारावळ्यांत?" मी म्हणालो, "व्हय. मनमिळाऊ म्हणायला बाकीचे येत्यातच की."

आता पंचाईत एवढीच आहे की माझ्यापाशी असलेल्या तक्रारी संपत आल्यात. त्याच त्या सांगितल्या तरी म्हैस पान्हवते, पण मलाच कंटाळा येतो. म्हणून हिंडतोय. सुनेनं चुलीपाशी ऐकलेल्या सांगितल्या, त्यातली एक ऐकून मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. लेकीला डिंगोऱ्याला जाऊन विचारून आलो. बोलणं टाकलेल्या जावेकडं तर सगळ्यात जास्त निघाल्या.

काल जुन्नरला शिंप्याकडं गेलो. नवं पान वाचून तो बराच वेळ हसला, मग चष्मा पुसत बसला. म्हणाला, "वहिनी माझ्याकडं तुझे सदरे टाकायला यायची ना, तवा सांगायची, भाऊ, ह्यांच्या सदऱ्याला खिसा ल्हान ठेवा, मोठा ठेवला की तंबाखू भरून ठेवत्यात."

आज सकाळी ते म्हशीला सांगितलं. चांगली पान्हवली. साफ खोटं आहे ते. मी तंबाखू खिशात कधी ठेवलीच नाही, चंचीत ठेवायचो, आणि त्यातली अर्धी तीच मशेरीला न्यायची. पण तिच्या आवाजात बोलत असताना मधेच माझी बाजू कशी मांडायची? म्हैस पाय उचलेल.