कूलरमागचा खिळा

सुनीताचा फोन आला तेव्हा मी बालवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. सुनीता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिलीपची बायको. "ताई, या," एवढंच म्हणाली. मदतनीस बाईच्या हातात डाव दिला आणि निघाले. दवाखान्यापर्यंत रिक्षावाला खड्ड्यांना शिव्या देत होता आणि मी दिलीपला. गेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. पण जो स्वतःची फुप्फुसं स्वतःच जाळून बसला त्याला काय द्यायचं, ते कुणी सांगत नाही... पन्नाशीसुद्धा गाठली नाही त्यानं.

आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे. शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागल्यावर दिलीपनं मुकुंदवाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा, लगेच तापणारा आणि लगेच निवणारा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ओवी झाली, तर या गड्याचे पाय जमिनीवर ठरेनात. विमानतळाच्या भिंतीकडे मोटरसायकल लावून तो तिला विमानं उतरताना दाखवायचा आणि स्वतःच तिच्यापेक्षा जास्त ओरडायचा.

तिच्या बारशादिवशी त्यानं घरात एक नियम केला. उंबऱ्याच्या आत बिडी नाही. स्वतः पाळला, इतरांनाही पाळायला लावला. गावाहून आलेल्या आमच्या थोरल्या चुलत्यांनी काडी ओढली, तर त्यांच्या हाताला धरून म्हणाला, "आबा, घरात लेकरू हाय. गॅलरीत चला." त्या वेळी मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आमच्या नात्यातल्या किती पुरुषांना एवढं तरी सुचतं?

गॅलरीत त्याची जागा ठरलेली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय निभत नाही. त्याचाही मोठा पत्र्याचा कूलर गॅलरीत स्टँडवर होता, तोंड खिडकीतून खोलीत आणि पाठ बाहेर. त्या पाठीशी ओल्या गवताचा गारवा असतो. कंपनीतून तापून आलेला दिलीप तिथं टेकून उभा राहायचा आणि निवांत बिडी प्यायचा. एक झाली की दुसरी. आत कूलरच्या तोंडासमोर गादी, गादीवर ओवी.

आणि ओवी झोपायची नाही. तोंड उघडं टाकून म्हाताऱ्यासारखी घोरायची, खोकत उठायची, रडायची, कधी अंथरूण ओलं करायची. सकाळी डोळे तांबारलेले. बालवाडीत इतकी वर्षं काढल्यावर मला एक कळलंय, झोप न झालेलं लेकरू पेंगतच असं नाही, ते उधळतं. ओवी उधळायची. पहिलीत असताना तिनं शेजारच्या मुलीला चावा घेतला. एका जागी बसेना, पाटीवर डोकं आपटून घेई. शाळेतून निरोपावर निरोप. सुनीतानं दृष्ट काढली, ताईत बांधला. थंडीत मात्र पोरगी माणसात यायची. सगळे म्हणत, तिला उन्हाळा बाधतो. कुणाच्या लक्षात आलं नाही, की थंडीत कूलर बंद असतो आणि ती खिडकी पुठ्ठा लावून बुजवलेली असते.

दुसरी पाळी करून आलेल्या दिलीपला हे रोजचं रडणं सहन व्हायचं नाही. तो तिला मारायचा. हे मी झाकणार नाही. विमानं दाखवणाराही तोच होता आणि मारणाराही तोच. मारून झालं की गॅलरीत जायचा, कूलरमागं, आणि बिडी पेटवायचा.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?" मी, सुनीता, दिलीप, तिघंही एका दमात नाही म्हणालो. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवणानंतर ओवीला थोपटता थोपटता तिच्या गादीवर आडवी झाले. कूलर भरात होता. गार वारा तोंडावर आला आणि त्याच्यासोबत बिडीचा भपकारा. मला वाटलं, कुणी खोलीत शिरलं. उठून बघते तर कुणी नाही. ओवी झोपेत खोकत कूस बदलत होती. मी गॅलरीत गेले. दिलीप कूलरला पाठ टेकून उभा, आणि त्याच्या तोंडातला धूर जराही वर न जाता सरळ त्या ओल्या गवतात शिरत होता.

"दिल्या, आत ये आन् तिच्याशेजारी झोप," मी म्हणाले. हातातली बिडी मीच घेतली आणि कूलरमागं धरली. तो गादीवर पडला. मी आत गेले तेव्हा तो छताकडे बघत होता.

"ताई, म्हंजी म्याच तिला जागवायचो," तो म्हणाला, "आन् जागी झाली म्हणून म्याच मारायचो व्हय?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं पुन्हा दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. धुरानं लेकराच्या श्वासाची वाट सुजते, झोप पुन्हापुन्हा मोडते, आणि मोडलेली झोप दिवसा चिडचिड होऊन बाहेर येते. सगळा दोष धुराचाच, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण धूर कपड्यांना, केसांनाही चिकटून घरात येतो, हे सांगितलं. दिलीपनं त्याच दिवशी कूलरमागच्या भिंतीत एक खिळा ठोकला. खाली टपरीवरच बिडी पिऊन यायचं, कूलर बंद असला तरच गॅलरीत यायचं, शर्ट त्या खिळ्याला टांगायचा, आंघोळ करायची, मगच पोरीजवळ जायचं. बिडी सोडायचेही प्रयत्न केले त्यानं. चार दिवस भांडायचा, पाचव्या दिवशी टपरीवर. मी बोलले की म्हणायचा, "सुटंना ताई. काय करू?" एवढा मोठा गडी, अन् रडायचा.

ओवी मात्र झोपू लागली. हळूहळू घोरणं थांबलं, चावणं थांबलं, शाळेचे निरोप थांबले. पण बाप आला की ती पळत दारात यायची आणि हा हात वर करून लांब उभा राहायचा, "थांब, थांब, अंग धुऊ दे." तो आंघोळ करून येईस्तोवर पोरगी झोपलेली. त्या झोपेकडे बघत बसायचा. त्याला तिला जवळ घ्यायचं असायचं आणि तिची झोप मोडायचीही भीती वाटायची.

पुढं आजारपण आलं आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल लिहवत नाही.

दिलीपला जाऊन काही आठवडे झाले. ओवी आता सातवीत आहे, आणि बाप गेल्यापासून तिची झोप पुन्हा उडाली आहे. सुनीता रडकुंडीला आली म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले. परवा दुपारी शाळेतून आलेली ओवी गादीवर गाढ झोपलेली दिसली. कूलर चालू होता. पाणी सोडलेलं नव्हतं, नुसताच पंखा घुमत होता. मला बरं वाटलं. तिच्याशेजारी आडवी झाले, आणि वाऱ्यासोबत तोच वास आला. जुना, शिळा, पण तोच.

गॅलरीत गेले. खिळा रिकामा होता. आजारपणात तसाच टांगलेला राहिलेला दिलीपचा कंपनीचा शर्ट कूलरच्या पाठीला, गवताच्या जाळीवर पसरून बाह्यांनी घट्ट बांधलेला होता. मी गाठ सोडायला लागले, तर मागून ओवीचा आवाज आला.

"आत्या, राहू दे ना गं. पप्पांचा वास आला की झोप लागती मला."

मी तिला काहीबाही समजावलं. धूर, श्वास, छाती, सगळं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा जाऊन पडली. मी शर्ट काढून बादलीत टाकला, साबण घेतला, नळाखाली बादली ठेवली... पण माझ्याच्यानं नळ सोडवेना. शर्ट कोरडाच पुन्हा खिळ्याला टांगला आणि आत जाऊन कूलर बंद केला. ओवी जागीच होती.