सीमेपलीकडचा डबा

फोनवर गोळ्यांचे आवाज आले, नात ‘आज्जी’ म्हणाली आणि फोन बंद पडला. पुढचे चार दिवस तो लागला नाही.

नात बांगलादेशात डॉक्टरकी शिकत होती. तिथं रस्त्यावर दंगल उसळली होती, सरकारनं नेटही तोडलं होतं. आमच्या शिरूर कासारमध्ये हे कळल्यावर चुलत दीर दारात उभा राहिला.

‘‘वैनी, पोरीला तिकडं कावून धाडलं?’’

‘‘अंबाजोगाईच्या मेडिकलला जागा भेटली असती तर धाडलं नसतं. तू देणार होतास का जागा?’’

तो चहा न घेता गेला. बरं झालं, दूध कमीच होतं.

पाचव्या दिवशी नातीचा फोन आला. वसतिगृह रिकामं करायला लावलं, तेव्हा वर्गमैत्रिणीच्या आईनं नातीला आपल्या घरी नेलं होतं. घरात पुरुषमाणूस नव्हतं. बाईनं दाराला कपाट लावलं आणि दोन्ही पोरींना आतल्या खोलीत ठेवलं. मग त्यांच्या पोलिसांच्या गाडीनं आपली मुलं सीमेपर्यंत आणली, तिथून आपल्या जवानांनी घेतली. पुढं दोन्ही सरकारं टीव्हीवर एकमेकांवर गुरगुरत राहिली. त्या दिवशी मात्र दोघांनी मिळून पोरं पोचवली, हे मी विसरत नाही.

नातीच्या पिशवीत त्या बाईचा स्टीलचा डबा होता. वाटेत खायला पोहे आणि गूळ दिला होता. डबा घासून मी फळीवर ठेवला. आमच्यात कुणाचा डबा ठेवून घेत नाहीत, आणि रिकामाही परत देत नाहीत.

कॉलेज उघडलं तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘आता न्हाई पाठवायची. त्यांचं आपलं बिनसलंय.’’

‘‘सरकारांचं बिनसलंय. माझं कुणाशी बिनसलं न्हाई. पोरीची दोन वर्षं राहिलीत. अर्धी डॉक्टर घरात बसवून काय करू?’’

‘‘आज्जी, मी जाते,’’ नात म्हणाली.

मी शेंगदाण्याची चटणी कुटली आणि डबा गच्च भरला. तेवढ्यात दीर आलाच.

‘‘त्यांला चटणी कशाला, वैनी?’’

‘‘त्या बाईनं माझी नात परत दिली. मी डबा परत देते. तुला काही द्यायचं असंल तर आण.’’

त्यानं काही आणलं नाही. डबा पोचला.

त्या घरात ते चार दिवस तिघी होत्या: ती बाई, तिची मुलगी आणि माझी नात. तिघी जिवंत आहेत.