झाकणापर्यंत भरलेली टाकी

मंडळी, आज मार्कंड्याच्या जत्रेत मान खाली घालावी लागली.

आपल्या भामरागडच्या वाटेवर पंप नाही, म्हणून आपण सारेच फटफटी हलवून हलवून टाकी झाकणापर्यंत भरतो. मीही सकाळी तशीच भरली आणि जत्रेत नदीकाठी भर उन्हात एका भजीवाल्या बाईच्या चुलीशेजारी गाडी उभी केली.

"भाऊ, गाडी सरकवा, पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"सकाळीच भरली बाई, वास तं येईनच. तू भजी तळ," मी गुरकावलो.

उन्हानं पेट्रोल फुगलं आणि झाकणातून ओघळून चुलीकडे निघालं. बाईनं झटकन कढई उतरवली, दोन्ही हातांनी नदीची वाळू ओढून चूल विझवली.

"आता तरी न्या भाऊ," एवढंच म्हणाली.

गाडी दूर ढकलून परत आलो, तर तिचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानावर गेलेलं. ती मात्र दुसरीकडे चूल मांडत होती.

"बसा भाऊ, चूल पेटली की गरम भजी देते."

माझ्यानं बसवलं नाही. तसाच निघालो.

टाकीत चार बोटं जागा सोडली असती तरी मी घरी पोचलोच असतो. पुढच्या जत्रेत त्या बाईसमोर कोणत्या तोंडानं जाऊ, तुम्हीच सांगा.