पुढचं पान वाचलंस का?

मंडळी, आज मूट कोर्ट होतं, म्हणजे आमच्या लॉ कॉलेजातला सरावाचा खटला. मी एका जुन्या निकालातला परिच्छेद ‘कोर्ट म्हणतं’ असं सांगत ठणकावून वाचला.

जज म्हणून बसलेल्या मॅडम म्हणाल्या, “हे कोर्टाचं मत नाही. हरलेल्या वकिलाचं म्हणणं आहे, कोर्टाने आधी नुसतं लिहून घेतलंय. पुढचं पान वाचलंस का?”

नव्हतं वाचलं. तिथे कोर्टाने ते सगळं फेटाळलं होतं.

जुईनगरला घरी आले, तर मावशी फोनवर सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि आईला सगळं पटत होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “वहिनीचं काय म्हणणं आहे?”

“तिला कोण विचारतंय?” आई म्हणाली.

वहिनीला आता मीच फोन लावतेय. तुमच्या घरी पुढचं पान कोण वाचतं?