आधी ठेकेदार चढला

पवनीजवळ पाण्याची टाकी बांधत होते. घराण्यातला पहिला पदवीधर असलेला मी तिथं नवा सुपरवायझर होतो. बांबूची परांची डुगडुगत होती, सेफ्टी बेल्ट एकही नव्हता. नियम मला पाठ होते, पण नोकरी जाईल या भीतीनं मी गप्प होतो.

पिकल्या मिशांच्या एका गवंड्यानं मात्र चढायला साफ नकार दिला.

ठेकेदार खेकसला, "भेव लागते का बे? जाय घरी!"

"लागते ना भाऊ," तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत गवंडी म्हणाला. "माह्या वावरातली मचान याच्याहून पक्की हाये, अन् तिथून तं मी निस्ती डुकरं हाकलतो. तुमी चढून दाखवा, मी मांगून येतो."

सगळे हसले. ठेकेदार तावातावानं वर चढला. बांबू करकरला, तसा तो बांबूलाच मिठी मारून बसला.

गवंडी माझ्याकडे वळला. "साहेब, आता तं बेल्ट आना. भाऊले उतरवा लागते."

मी मान खाली घालून बेल्ट आणायला गाडी काढली.