मंदारची अमेरिकन नदी

चार मराठी इंजिनिअर एका ऑफिसात बसवले की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यातून आमचं काम असं, की ख्राइस्टचर्चला बसून अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका नदीच्या पुराचं मॉडेल करायचं. नदी कुणीच पाहिलेली नाही! काम मंदारकडे होतं. जमलं तर तो परमनंट, नाहीतर व्हिसा संपला की पुण्याला परत.

*

नकाशावर नदी सरळ जाईचना. दक्षिणेला निघायची आणि मध्येच वळून उत्तरेला! जुन्या नकाशात तर एक गाव चक्क पलीकडच्या काठावर.

"गाव हललं?" आमचा बॉस क्रेग.

"नाही, नदी हलली. जुन्या वळणाचं तळं झालंय. राज्याची हद्द मात्र अजून तळ्यातूनच जाते."

"मग गाव कुठल्या काठावर धरायचं?"

"सकाळपासून तेच शोधतोय," मंदार म्हणाला.

*

मंदारचे वडील, आप्पा, सहा महिन्यांसाठी आले होते. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सांगत सुटले, "मुलगा अमेरिकेच्या नदीवर आहे!"

"अरे वा! कधी गेला?"

"गेला नाही. तो काय, भजी घेतोय."

"मग नदी?"

"ती ऑफिसात असते."

*

खरी नदी दाखवावी म्हणून आम्ही आप्पांना इथल्या वायमाकारिरी नदीवर नेलं. गोट्यांचं हे एवढं पसरट पात्र आणि त्यात दहाबारा धारा.

"यातली नदी कुठली?"

"सगळ्याच, आप्पा."

आप्पांनी जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, काढल्या आणि दिसेल त्या धारेला वेगळा नमस्कार केला. आमचं जेवण गार झालं.

*

शेवटी मॉडेल चाललं, आणि पुरात नदी उलटी वाहायला लागली! मंदारने आकडे तपासले, मी तपासले. पाणी आपलं उगमाकडे! वैतागून त्याने त्या फाइलला इंग्रजी अक्षरांत 'साफ चूक' असं नाव दिलं, आणि नव्या फाइलमध्ये नदीला ओढूनताणून सरळ केलं.

व्हिडिओ कॉलवर तिकडच्या गावचे म्हातारे अधिकारी म्हणाले, "छान. पण पुरात आमची नदी उलटी वाहते. पुढची मोठी नदी फुगली की हिला मागे रेटते. आम्हाला तेच तर हवंय."

क्रेगने मंदारकडे पाहिलं. मंदार पांढराफटक.

"ते... दुसऱ्या फाइलमध्ये आहे," म्हणत त्याने ती उघडली. पाणी उलटं वाहिलं. पलीकडे टाळ्या!

"हे 'साफ चूक' म्हणजे काय?" म्हाताऱ्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं.

मंदारने माझ्याकडे पाहिलं.

"फायनल!" मी म्हणालो.

मंदार परमनंट झाला. महिन्याभराने तिकडून मेल आला: काम उत्तम, शेजारच्या नदीचीही साफ चूक करून द्याल का?