कुंडीतलं खाचर

झाडांच्या बाबतीत मी पहिल्यापासून आळशी, आणि ते लपवायची मला कधी गरज वाटली नाही. सकाळी पेणहून रोह्याची एसटी पकडायची, संध्याकाळी दमून परत यायचं. नवऱ्याची डोलवीला कंपनीत शिफ्ट, म्हणजे तो कधी घरी असेल ते त्यालाही धड सांगता येत नसे. अशा घरात नाजूक गुलाब कोण सांभाळणार? रामवाडीत फ्लॅट घेतला तेव्हा हायवेलगतच्या नर्सरीत जाऊन मी सरळच विचारलं, "आठवडाभर विसरले तरी मरणार नाही, असं काय आहे तुमच्याकडे?"

नर्सरीवाला हसला, पण मुकाट्याने झाडं काढून देऊ लागला. उभ्या पट्टेरी पानांचं स्नेक प्लांट, मेणासारख्या चकचकीत पानांचं झीझी, एक मनी प्लांट आणि खिडकीपासून लांबही फुलणारी पीस लिली. स्नेक प्लांट आणि झीझीला माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असं त्याने बजावलं. लिलीला तहान जरा जास्त, पण पानांनी माना टाकून ती स्वतःच सांगते. मी खूश. देखणी झाडं, आणि कुणाचं काही मागणं नाही.

त्यानंतर वर्षभरात सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांचं गाव रोह्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला. सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच असत. परसात घसरून पडले आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तसेच पडून राहिले. पाय मुरगळण्यावर निभावलं, पण नवरा त्याच दिवशी जाऊन त्यांना घेऊन आला. शेत पुतण्याने कसायला घेतलं.

ते आले एक कापडी पिशवी घेऊन, आणि त्या पिशवीतच राहू लागले. सदरा काढायचा, घालायचा, धुऊन वाळला की घडी करून परत पिशवीत. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला तर म्हणाले, "कशाला गो? मी काय, दोन दिवसांचा पाव्हणा." दोन दिवसांचे महिने झाले तरी पिशवी पलंगाच्या दांड्याला तशीच. ती दिसली की वाटायचं, हा माणूस कधीही उठून जाईल, परत पडेल, आणि त्या दिवशी कुणाला ताक लागणार नाही.

एकदा त्यांनी कुंड्यांकडे बोट करून विचारलं, "ह्यांचं रोज काय करायला लागतं?"

"काही नाही बाबा. म्हणून तर घेतली."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुनेचं शहाणपण पटलं.

पुढे पावसाळ्यात ते हमरापूरच्या आपल्या चुलतभावाकडे अधूनमधून जाऊ लागले. तिथे गणपतीच्या मूर्तींची कामं जोरात चाललेली. चला, वेळ जातोय, म्हणून आम्हीही निर्धास्त. गणपती झाले आणि एका रविवारी मी केर काढताना स्नेक प्लांटला जरासा धक्का लागला, तर अख्खं पान मुळाशी सुटून हातात आलं. खाली नुसता लगदा, आणि वास असा की नाक धरावं. कुंडी तिरकी केली, तर तळाचं भोक मूर्तींच्या शाडूच्या मातीने गच्च बुजवलेलं. दुसरी पाहिली, तेच. चारही कुंड्या बंद, आणि आत पाणी तुंबलेलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"बुजवली भोकं," ते सहज म्हणाले. "फुटक्या कुंड्या दिल्यान तुला त्या नर्सरीवाल्यानं. मी वरनं पाणी घालतोय नि खालनं सगळं जातंय. बांध फुटला तर बुजवायचा नाय?"

आता आठवलं की हसू येतं. आयुष्यभर भाताच्या खाचरात पाणी अडवलेला माणूस. गळती दिसली की त्याचा हात चिखलाकडे जाणारच. पण तेव्हा माझं डोकं फिरलं. "काही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" मी ओरडले. "पाणी नको, खत नको, कुणी नको. हातच लावायचा नव्हता यांना!"

त्यांनी तिरकी कुंडी सरळ केली. मग म्हणाले, "व्हय. हितं कशालाच कुणी नको हाय."

दुसऱ्या दिवशी "शेत बघून येतो" म्हणून निघाले. पिशवी घेऊन.

नवरा म्हणाला, येतील राग शांत झाल्यावर. त्याचा चेहरा मात्र वेगळंच सांगत होता. रोह्याला ऑफिसात बसून मला त्यांचं परस दिसत राहायचं. पुढच्या रविवारी मी कुंड्या बाल्कनीत घेऊन बसले. स्नेक प्लांटची दोन धड पानं कापून वाळत ठेवली, ती पुन्हा मुळं धरतात. झीझीचे कंद अजून घट्ट होते. पेचकसाने त्याचं भोक मोकळं केलं, मनी प्लांटचंही. मग लिली ओढली, आणि पानं बाजूला केली तर मधोमध पांढरं फूल. माझ्या हातून दोन वर्षांत एक आलं नव्हतं. मी पेचकस खाली ठेवला आणि फोन लावला.

"बाबा, तुमच्या खाचरात फूल आलंय."

पलीकडे नुसता कोंबड्यांचा आवाज. मग, "पाणी हाय काय त्यात?"

"आटलंय. पानांनी माना टाकल्यात. किती घालू?"

"तू काय घालू नको, गो. हात लावू नको. मी येतो उद्याच्या गाडीनं."

माझा जीव भांड्यात पडला. नवरा स्वयंपाकघरातून विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

आले ते दुपारी. कपडे टॉवेलात बांधून काखेत मारलेले आणि पिशवी दोन्ही हातांनी उचललेली. त्यांनी ती बाल्कनीत उपडी केली, तर काळी माती. शेतातली. लिलीच्या कुंडीत दोन मुठी घालून, वर तांब्याभर पाणी ओतून, निवांत झाल्यावर त्यांनी काखेतलं गाठोडं माझ्यापुढे धरलं.

"पिशवी मातीची झाली. तुज्या कपाटात जागा हाय काय?"